शाळेची दहा हजार लिटरची फेरोसिमेंट टाकी: शाखेच्या कामाच्या नोंदी, जानेवारी ते जून 2025

रत्नागिरी जिल्ह्यातली चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा. 38 मुलं, दोन शिक्षक, कौलारू छप्पर, मागे 80 मीटरवर विहीर. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही. अभियंत्यांच्या संस्थेच्या आमच्या शाखेने छपराचं पाणी साठवायची फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा माल थापून केलेली, टाकी अंगमेहनतीने बांधून द्यायचं ठरवलं. पैसे शाखेच्या निधीतून आणि सभासदांच्या वर्गणीतून, गवंडी रोजावर, बाकी सगळे हात फुकटचे.

या नोंदी दुसऱ्या शाखांसाठी आहेत. डिझाइनची पानं सगळ्यांकडे असतात, म्हणून ती इथे घेतली नाहीत.

5 जानेवारी, रविवार. पाहणी

पुढच्या उताराचं आडवं माप 18 बाय 5 मीटर, म्हणजे 90 चौरस मीटर. मागचा उतार सोडला, कारण त्यावर फणसाची फांदी आहे आणि वानरांची ये-जा त्याच बाजूने. कौलांवर पडलेल्या पाण्यातलं 80 टक्के हाती लागतं असं धरलं. 25 मिलिमीटर पावसाला 1,800 लिटर. कोकणात हा हिशोब फसवा आहे. जुलैत दोन-तीन दिवसांत टाकी भरेल आणि पुढचं सगळं वाहून जाईल. म्हणून छपराऐवजी गरजेकडून मोजलं: पिण्याला माणशी 2 लिटर धरून 80, खिचडी आणि भांडी 60, एकूण दिवसाला 140 लिटर. विहीर आटल्यावर शाळेचे 45 दिवस उरतात. 6,300 लिटर लागतील. दहा हजारांत थोडं हातचं राहतं.

टाकीचं माप: आतला व्यास 2.7 मीटर, भिंत 1.8 मीटर, जाडी 40 मिलिमीटर, वर घुमट.

वळचण जमिनीपासून जेमतेम 2.4 मीटर. पन्हळीला 18 मीटरमध्ये 12 सेंटिमीटर उतार दिला की खालचं टोक 2.28 वर येतं. टाकीची भिंत जोत्यासकट 1.95. मधल्या 33 सेंटिमीटरमध्ये गाळणी, बेंड सगळं बसवायचं. जोतं उंच करायला जागाच नाही, त्यामुळे नळाखाली बादली बसत नाही. नळासमोर 30 सेंटिमीटर खोल खड्डा आणि त्याला निचरा, असा तोडगा काढला. जुन्या कौलारू इमारतींत ही अडचण येणारच. आधी वळचण मोजा, टाकीची उंची मग ठरवा.

तयार प्लॅस्टिकची टाकी का नाही, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. रास्त प्रश्न आहे, पैशात फार फरक पडत नाही. पण शाळेची पाणंद 8 फुटी. दहा हजार लिटरची तयार टाकी घेऊन ट्रक आत येत नाही. पाणंद रुंद असती तर आम्ही तीच घेतली असती.

12 जानेवारी ते 1 फेब्रुवारी. कागद

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचं पत्र, केंद्रप्रमुखांना प्रत. तीन आठवडे गेले. एकच चूक झाली, पण महागात पडली. ठराव टाकी बांधण्यापुरता घेतला. साफसफाई कोणी करायची, किल्ली कोणाकडे राहायची, हे त्यात नव्हतं. ते मे महिन्यात पुन्हा बैठक लावून घालावं लागलं.

दुसरं, या कामाची सुरुवात नोव्हेंबरमध्ये करायला हवी होती. पुढे प्रत्येक ठिकाणी ते नडलं आहे.

2 फेब्रुवारी, रविवार. खोदाई

व्हॉट्सॲपवर निरोप गेला होता: "रविवारी शाळेत श्रमदान. सर्वांनी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे." 19 जण आले. पहार एक, टिकाव दोन, फावडी दोन, घमेली चार. काम पाच जणांचं, बाकीचे सावलीत. पुढच्या रविवारी तिघेच आले, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता.

3.2 मीटर व्यासाचं वर्तुळ आखून 25 सेंटिमीटर खोदलं. तीन बाजूंना कातळ लागला, पूर्वेकडे भराव निघाला. कधीतरी शाळेचा पाया खोदताना काढलेली माती तिथे टाकलेली असावी. अर्धी टाकी कातळावर आणि अर्धी भरावावर बसली तर तळ तडकणार. भराव 60 सेंटिमीटरपर्यंत काढला, जांभ्याचे तुकडे आणि चुरी 15-15 सेंटिमीटरच्या थरांत भरून धुमसाने ठोकली. एक दिवस जास्त लागला. पहार मारून चारही बाजूंना आवाज ऐकला असता तर हे आखणी करतानाच कळलं असतं.

9 फेब्रुवारी, रविवार. वाळू परत

आलेली वाळू दिसायला सुरेख होती, बारीक आणि स्वच्छ. तीच शंका आली. बाटलीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेवली. गाळ 3 टक्के निघाला, आमची मर्यादा 6 होती. गाळाच्या बाबतीत पास. मग शाळेच्या विहिरीच्या पाण्यात वाळू खळबळून ते पाणी गाळलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. नुसत्या विहिरीच्या पाण्यात तेवढेच थेंब टाकले, तर हलकी धुरकट छटा. म्हणजे मीठ वाळूतलं. वाळू खाडीची.

साध्या गिलाव्यात एक वेळ चालवून घेतील, फेरोसिमेंटमध्ये नाही. इथे जाळीवर सिमेंटचं आवरण 4-5 मिलिमीटर असतं. मीठ असेल तर जाळी आतून गंजते आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीवर तांबडे डाग उमटायला लागतात. वाळू परत पाठवली, वाहतुकीचे 1,800 रुपये बुडाले. त्याऐवजी धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) एक ब्रास, 5,000 रुपये. 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर तिचा जवळपास तिसरा हिस्सा वर राहिला. तो काँक्रीटला वापरला.

सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लहान बाटलीत मिळतं. हातमोजे घाला.

16 फेब्रुवारी, रविवार. तळ

15 सेंटिमीटर सोलिंग (दगडांचा थर), त्यावर 100 मिलिमीटर काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी 1:1.5:3. 8 मिमीच्या सळया 200 मिलिमीटरवर दोन्ही बाजूंनी. भिंतीसाठी 28 उभ्या सळया 300 मिलिमीटरवर, काँक्रीट ओतायच्या आधीच तळाच्या सळयांना बांधलेल्या. सिमेंट सहा गोणी. आठ माणसं, पाच तास. या दिवशी काही बिघडलं नाही.

धुलाईचा दोन इंची पाइप तळाच्या पातळीला ठेवायचा असतो, तो इथेच बसवायला हवा. आम्ही बसवला. नळाचा पाइप मात्र "भिंतीच्या वेळी बघू" म्हणून राहिला. त्याची गोष्ट 13 एप्रिलला.

23 फेब्रुवारी, रविवार. चुकीची जाळी

मागवली होती 10 गेजची वेल्ड मेश (वेल्ड केलेल्या तारांची चौकोनी जाळी), 2 बाय 2 इंच. आली 3 बाय 3 इंच. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. नेत असतील, कुंपणाला. मीटरभर उंचीत आडव्या तारा 20 ऐवजी 13 येतात आणि टाकीचा ताण नेमक्या त्याच तारांवर. बदलून आणेपर्यंत दुपार झाली. चार जणांनी पाच तासांत एक फेरी तेवढी उभी केली.

ऑर्डर देताना तारेचा गेज आणि चौकोनाचं माप दोन्ही लिहून द्या, आणि टेम्पोतून उतरवायच्या आधी पट्टी लावा. चिकन मेश (बारीक षटकोनी जाळी) हीसुद्धा तशीच पाहून घ्या: 22 गेज, अर्धा इंच. 24 गेजची, आणखी बारीक तारेची, स्वस्त मिळते, बांधताना हातात लोंबते.

28 फेब्रुवारी, शुक्रवार. मध्येच पुलांची स्पर्धा

विज्ञान दिनाला शाखा दरवर्षी आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा घेते. टाकीवरचेच चौघे तिथे अडकले, म्हणून तिचीही नोंद. आठ गट, प्रत्येकाला 100 काड्या, 40 सेंटिमीटरचा गाळा. सकाळी चिकटवून दुपारी वजन लावलं, ही चूक. फेव्हिकॉलला वाळायला अख्खी रात्र हवी. तीन तासांत सांधे घसरले, काडी एकही मोडली नाही. शिवाय बादली मधल्या एका काडीला टांगलेली, त्यामुळे पूल शाबूत आणि ती काडी दोन तुकडे. पुढच्या वेळी चिकटवणं आदल्या दिवशी, वजन 10 बाय 5 सेंटिमीटरच्या लाकडी ठोकळ्यावरून, वाळू अर्ध्या किलोच्या मापाने. बादलीखाली जुनी गादी ठेवा, फरशी वाचते.

2 मार्च, रविवार. तार बांधणे

या वेळी निरोप असा लिहिला: "रविवार 2 मार्च, सकाळी 7.30 ते दुपारी 2.30, मध्ये नाश्ता. तार बांधायला 6 जण हवेत. अनुभव नको, जवळचं दिसायला चष्मा लागत असेल तर आणा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाळीची टोकं टोचतात. पकड आणि आकडा आम्ही देऊ. नाव लिहा, 6 नावं झाली की यादी बंद." दीड तासात यादी भरली, सहाही जण वेळेवर आले. पुढच्या सगळ्या कामांना हाच नमुना ठेवला.

वेल्ड मेशच्या आतून एक आणि बाहेरून एक थर चिकन मेश. जोड 15 सेंटिमीटरचा, आणि आतला-बाहेरचा जोड एकाच ठिकाणी येऊ द्यायचा नाही. दर 15 सेंटिमीटरला गाठ, भिंतीला सातशेच्या आसपास गाठी. नवख्याला एका गाठीला अर्धा मिनिट लागतं, तासाभराने दहा सेकंद. निवृत्त कार्यकारी अभियंता आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा या कामात सारखेच.

जाळी ढिली राहिली की पोटाशी फुगते आणि तिथे माल 40 ऐवजी 60 मिलिमीटर खातो. हाताने दाबून पाहा. मागे-पुढे हलली तर मध्ये आणखी गाठ. तारेची शेपटं आत वळवा, बाहेर राहिली तर तिथून गंज सुरू होतो.

9 आणि 10 मार्च. गिलावा

सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत जास्त चुका.

माल 1:2 (सिमेंट-वाळू), पाणी सिमेंटच्या वजनाच्या 0.4, म्हणजे गोणीला 20 लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बाहेरून मारलेला माल जाळीतून आत पडू नये म्हणून आतून गोणपाट ताणून बांधला होता. पहिल्या दहा मिनिटांतच तो फुगला आणि निम्मा माल खाली. गोणपाट काढला. मग आत एकाने दोन फुटी फळी जाळीला टेकवून धरायची, बाहेरून गवंड्याने थापीने माल दाबायचा, फळी बाजूला सरकवायची. दोघांनी समोरासमोर, एकाच वेळी. जमलं, पण सकाळचे दोन तास गेले.

दुसरी चूक मालाची. पहिले दोन घाणे पूर्ण गोणीचे केले. ऊन चढलेलं, 40 मिनिटांत माल आखडला, आणि कोणीतरी त्यात तांब्याभर पाणी ओतून पुन्हा कालवला. असा माल लावायला मऊ लागतो आणि नंतर भेगाळतो. त्यानंतर अर्ध्या गोणीचे घाणे, 25 किलो सिमेंटला 10 लिटर पाणी मोजून, आणि पाण्याचं पिंप एका माणसाच्या ताब्यात. त्याचं काम एकच, कोणालाही तांब्या भरू न देणं.

तिसरी चूक त्या दिवशी लक्षात आली नाही. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा बाहेरचा थर 60 सेंटिमीटर उंचीवर गोल पूर्ण झाला होता. कड गुळगुळीत फिरवून सोडली. दोन तासांनी वरचा थर त्यावर नुसताच चढवला. ना कड खरवडली, ना सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) लावली.

पहिल्या दिवशी 11 माणसं सात तास, दुसऱ्या दिवशी आतल्या थराला सहा माणसं सहा तास. दोन गवंडी दोन्ही दिवस. ही संख्या बरोबर होती. जेवायला मात्र सगळ्यांना एकदम सोडू नये. दोन पाळ्या लावाव्यात म्हणजे कड वाळत नाही.

11 ते 24 मार्च. क्युरिंग, आणि शिमगा

13 तारखेला होळी. कोकणात पालखी घरी यायच्या दिवसांत गावातला माणूस कामाला मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. तारीख ठरवताना आम्ही कॅलेंडरात फक्त रविवार पाहिले. 14 दिवसांचं क्युरिंग, म्हणजे नवं सिमेंट ओलं ठेवणं, बरोबर शिमग्यात.

पाणी दिवसातून तीनदा मारायचं, प्रत्येक वेळी 20 मिनिटं. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. 14 तारखेला दुपारी तीनला शिक्षकांनी फोटो पाठवला: गोणपाट वाळून कडक झालेलं, पश्चिमेची भिंत पांढरीफटक. बाराची फेरी चुकली होती.

अभियंता दिनाला 15 सप्टेंबरला आमच्या कार्यक्रमात खुर्च्या कमी पडतात. मंगळवारी दुपारी बाराला पाणी मारायला दोन माणसं मिळत नाहीत. संपूर्ण कामाला साधारण 390 माणूस-तास लागले, त्यात क्युरिंगचे जेमतेम 20. सर्वांत कमी तास, आणि तेच भरायला सर्वांत अवघड, कारण ते रोजचे, आडवेळचे आणि एकट्याने करायचे असतात.

15 तारखेला उपाय केला. 200 लिटरचं पिंप भिंतीहून उंच, चिऱ्यांच्या चौथऱ्यावर. त्याला ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल (नळी), भिंतीच्या माथ्यावर गोल फिरवलेली, दर 20 सेंटिमीटरला सुईने भोक. खर्च 380 रुपये. पिंप सकाळी आणि दुपारी भरलं की गोणपाट दिवसभर ओलं. भोकं 1 मिलिमीटरपेक्षा मोठी पाडू नका. आमची पहिली लॅटरल पाऊण तासात पिंप रिकामं करायची. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून लावा.

क्युरिंगला रोज 250 लिटर, 14 दिवसांत साडेतीन हजार. पाण्याची टाकी बांधायलाच आटत्या विहिरीतून एवढं पाणी उपसलं. नोव्हेंबरात सुरुवात केली असती तर विहीर भरलेली होती.

30 मार्च ते 6 एप्रिल. घुमट

पाडव्याचा रविवार मोकळा ठेवला, जाळी पुढच्या आठवड्यात बांधून 6 एप्रिलला माल टाकला. 6 मिमीच्या आठ सळया, मध्ये 40 सेंटिमीटर उंची, दोन फुटी झाकणाची चौकट. आठ माणसं, सात तास. खालून टेकू म्हणून बांबू आणि त्यावर 3 बाय 4 फुटी प्लायचे तुकडे.

सहा दिवसांनी टेकू काढायला आत उतरल्यावर कळलं की 3 फुटी प्लाय 2 फुटी भोकातून बाहेर येत नाही. टाकीत बसून करवतीने कापला. प्लाय उसना होता. तुकडे दीड फुटी घ्या. आत माणूस असताना दुसरा झाकणापाशी थांबलाच पाहिजे, हा नियम दोन मिनिटांच्या कामालाही मोडू नये.

13 एप्रिल, रविवार. पहिली चाचणी, नापास

ट्रॅक्टरचा 5,000 लिटरचा टँकर, 1,500 रुपये. पाणी 87 सेंटिमीटर चढलं आणि नळाच्या पाइपाभोवती धार लागली. ठिबक नव्हे, करंगळीएवढी धार.

भिंतीला गिलावा झाल्यावर भोक पाडून पीव्हीसीचा एक इंची पाइप घातला होता आणि भोवती माल भरला होता. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. उन्हात पाइप फुगतो, रात्री आकसतो, आणि भोवती केसाएवढी फट पडते. एवढी साधी गोष्ट सहा सिव्हिल अभियंत्यांच्या डोळ्यांदेखत झाली.

नळ तळापासून फक्त 10 सेंटिमीटरवर, म्हणून सगळं पाणी काढावं लागलं. शेजारच्या वाडीने पिंपं, हंडे लावून नेलं, तेवढं सत्कारणी.

दुरुस्ती: 15 सेंटिमीटरचा चौकोन जाळीला धक्का न लावता छिन्नीने हळू फोडला. एक इंची जीआय निपल (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा आखूड तुकडा), त्यावर मध्ये 100 बाय 100 मिलिमीटरची 3 मिमी जाड पत्र्याची चकती, दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल वेल्ड. वेल्डिंगने जस्त जळतं, तिथे झिंकचा रंग. चकती भिंतीच्या जाडीत मधोमध येईल असं बसवून जाळीला बांधलं, जुन्या कडांना स्लरी, मग 1:2 माल दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. 450 रुपये. त्यानंतर पुन्हा 14 दिवस पाणी. हाच निपल फेब्रुवारीत जाळीसोबत बांधला असता तर तीन आठवडे वाचले असते.

4 मे, रविवार. दुसरी चाचणी

दोन टँकर, एकदम न भरता तीन दिवसांत तिसरा-तिसरा हिस्सा. नळ कोरडा. 60 सेंटिमीटर उंचीवर मात्र ओला पट्टा उमटला, जवळजवळ अर्ध्या परिघाला. 9 मार्चची जेवणाची सुट्टी. पाणी गळत नव्हतं, भिंत घामेजत होती.

पातळी 24 तासांत 12 मिलिमीटर उतरली, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2. पहिल्या दिवसाची घट नवीन भिंत पिते त्याची असते, तेवढ्याने घाबरू नये. तीन दिवसांनी आकडा खाली येत नसेल तर गळती शोधा. पाणी 50 सेंटिमीटरपर्यंत उतरवलं, आतून त्या पट्ट्यावर तारेचा ब्रश मारला, सिमेंट आणि वॉटरप्रूफिंग पावडरची स्लरी दोन हात, एक आडवा, एक उभा. पट्टा फिका झाला, पूर्ण गेला नाही. अशा बारीक वाटा सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याने कालांतराने बुजतात. लक्ष ठेवून आहोत.

पहिलं पाणी पिऊ नये. नव्या सिमेंटमुळे ते अल्कधर्मी होतं, हाताला बुळबुळीत लागतं. ते झाडांना गेलं.

11 आणि 18 मे. पन्हळ

160 मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप उभे चिरून अर्धे केले. चिरल्यावर अर्धुक थोडं आत मिटतं, रुंदी दहाएक मिलिमीटर कमी होते. ब्रॅकेट आधी बनवून घेऊ नका. ब्रॅकेट वाशांच्या टोकांना, दर 1.2 मीटरला, 16 लागले. आठवड्यात उन्हाने पन्हळ प्रत्येक ब्रॅकेटच्या मध्ये वाकली आणि पाणी डबक्यांसारखं साचायला लागलं. मधोमध आणखी 15 ब्रॅकेट, म्हणजे 60 सेंटिमीटरवर एक. 900 रुपये वाढले.

उतार पाण्याच्या नळीने पाहा, दर दीड मीटरला 1 सेंटिमीटर. डोळ्याने पाहून बसवू नये. जुनी वळचण स्वतःच एका बाजूला झुकलेली असते आणि पन्हळ तिला समांतर दिसली की सगळ्यांचं समाधान होतं.

18 तारखेच्या संध्याकाळी 18 पैकी 11 मीटर बसली होती. उरलेली 1 जूनला करू, म्हणून घरी गेलो.

20 ते 26 मे. पाऊस

त्या आठवड्यात कोकणात जोराचा पाऊस सुरू झाला आणि 25 मेपासून मान्सूनच दाखल झाला. मुंबईत एरवी 11 जूनला येणारा मान्सून 26 मेला पोचला. आमचं सगळं नियोजन जूनच्या पहिल्या आठवड्यावर बेतलेलं.

पन्हळीच्या अर्धवट टोकातून सगळं पाणी एका धारेत टाकीच्या पूर्वेला पडलं, बरोबर भराव काढून भरलेल्या बाजूला. तळाच्या काठाशी 20 सेंटिमीटर खोल चर पडली. काँक्रीटखालची भरणी हलली नव्हती, धुमस नीट मारल्याचा फायदा. चरीत जांभ्याचे तुकडे ठोकून वर चिऱ्यांचा एक थर बाहेरच्या उताराने लावला. हे काम पन्हळीच्या आधी करायचं असतं.

आणखी एक गोष्ट पावसातच कळली. जोराच्या सरीत कौलावरून येणारं पाणी पन्हळीत न पडता तिच्यावरून उडी मारतं. रिमझिमीत सगळं ठीक, मुसळधारेत निम्मं बाहेर. पन्हळीच्या बाहेरच्या काठावर 15 सेंटिमीटर उंच पत्र्याची पट्टी उभी लावली, 1,100 रुपये. आता धडकून आत पडतं.

1 आणि 8 जून. सरींच्या मधून

तीन माणसं, शिडीला दोरी, पाऊस आला की खाली. उरलेली सात मीटर पूर्ण. पहिलं घाण पाणी वेगळं काढायला उभ्या पाइपचा तुकडा ठेवायचा विचार होता. पण 160 मिलिमीटरच्या पाइपात मीटरला 18 लिटरच मावतात आणि एक मिलिमीटर पावसाचं छपरावरचं पाणी 70 लिटरच्या वर भरतं. त्याऐवजी 100 लिटरचं पिंप: ते भरल्यावर पाणी टाकीकडे वळतं, पिंपाच्या बुडाशी लहान नळ कायम किंचित उघडा. मोसमाच्या पहिल्या चार-पाच सरींना मात्र पाइपच बेंडपाशी सोडवून ठेवायचा. शेवाळ, धूळ, वानरांची घाण, हे सगळं पिंपाच्या आवाक्यातलं नाही.

बेंडच्या तोंडावर बसवलेली मच्छरजाळी फणसाच्या एका पानाने बंद झाली आणि पन्हळ ओसंडली. आता तिथे सेंटिमीटरभर भोकांची जाड जाळी तिरकी बसवली आहे, पान घसरून खाली पडतं. बारीक जाळी टाकीच्या तोंडावर आणि ओसंडीच्या पाइपला, तिथे डासांसाठी हवीच.

16 जून, सोमवार. शाळा उघडली

टाकी भरलेली, ओसंडी चालू. ओला पट्टा 60 सेंटिमीटरवर अजून हाताला गार लागतो.

हिशोब: सिमेंट 24 गोणी 8,880, वाळू 5,000, खडी 1,200, वेल्ड मेश 7,500, चिकन मेश चार गुंडाळ्या 5,400, सळई 48 किलो 2,976, बांधायची तार 340, नळ-निपल-पाइप 2,150, झाकण 1,400, गवंडी आठ रोज 8,000, पन्हळीचे पाइप 5,200, ब्रॅकेट 960, उतरता पाइप 1,900, पिंप 900, चाचणीचे दोन टँकर 3,000. बेरीज 54,806. अंदाजपत्रकात नसलेले: वाळूची वाहतूक 1,800, जास्तीचा टँकर 1,500, निपल आणि वेल्डिंग 450, ठिबक 380, जादा ब्रॅकेट 900, पत्रा 1,100, मिळून 6,130. एकूण 60,936 रुपये.

पुढे लागणारी माणसं: दर पंधरवड्याला पन्हळ साफ करायला दोघं, एक शिडीवर आणि एक शिडी धरायला, सप्टेंबरअखेरपर्यंत, कामाच्या दिवशी सकाळी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी परतीच्या पावसाचा अंदाज पाहून टाकी रिकामी करायची की नाही ते ठरवायला आणि घासायला चौघं, त्यांतला एक बारीक अंगाचा, झाकण दोन फुटी आहे. मग नळाला कुलूप, मार्चपर्यंत. किल्ल्या दोन, एक मुख्याध्यापकांकडे, एक समितीच्या अध्यक्षांकडे.

दुसऱ्या शाळेचं पत्र आलं आहे. खोदाई 9 नोव्हेंबरला. गिलाव्यासाठी 14 नावं आताच झाली. क्युरिंगच्या यादीत दुपारी बाराच्या 14 रकान्यांपैकी तीन भरले आहेत.